आईच्या नवऱ्याचा मुलगा

पाणी सोडायला मेहुणीच्या सासऱ्याचं नातं कशाला लागतं, हे मला आजपर्यंत कुणी पटवून दिलेलं नाही.

मी पंपहाउसवर काम करते. मोटर चालू करायची, दाबाच्या काट्यावर डोळा ठेवायचा, ज्या भागाची पाळी असेल त्या भागाचा व्हॉल्व्ह फिरवायचा, गळती लागली की फिटरला हाक मारायची. या कामात आजवर एकाही माणसाने फोटोकडे बोट दाखवून मला विचारलेलं नाही की, ‘हा माझ्या आजोबांच्या एकुलत्या एका मुलाच्या बायकोच्या नणंदेचा मुलगा, तर हा माझा कोण?’ पण पंपावर कायम व्हायचं तर परीक्षा. परीक्षेत बुद्धिमापन. आणि बुद्धिमापनात नातेसंबंध. ज्या कुणी हा पेपर काढला त्याच्या नळाला पाणी येत असेल, तर ते माझ्यासारखीनेच सोडलेलं आहे. त्याला माझी बुद्धी मोजायची हौस होती तर त्याने एकदा पहाटे तोंडाला साबण लावल्यावर नळ कोरडा पडण्याचा अनुभव घ्यायला हवा होता.

मी तिथे हंगामी होते. हंगामी म्हणजे काम बारमाही आणि नोकरी हंगामी. दोनदा परीक्षा दिली, दोनदा आपटले, दोन्ही वेळा थोडक्यात. बाकी सगळं जमायचं. संख्यामालिका जमायच्या, दिशा जमायच्या, घड्याळाच्या काट्यांचे कोन तर झोपेत सांगीन. नात्यांचे प्रश्न आले की माझी माती व्हायची. वर उत्तर चुकलं की उणे गुण, म्हणजे कमावलेलंही जायचं. यंदाची खेप शेवटची होती. पुढच्या वर्षी वय संपत होतं, आणि पंपहाउस ठेकेदाराला देणार असं वरून आलं होतं. कायम असतील तेवढे राहणार, बाकीच्यांनी घरी जायचं. ठेकेदार आपली माणसं आणणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आमचा फिटर धीर द्यायचा. त्याची धीर द्यायची पद्धत अशी:

“हे बघ, साडू म्हणजे एकाच विहिरीत पडलेले दोघे. एवढं लक्षात ठेवलंस की निम्मा पेपर सुटला.”

“आणि सासू?”

“विहीर खणणारी.”

“आणि ते आजोबांच्या सुनेच्या नणंदेच्या पोराचं?”

“तो आतेभाऊ. पण इतक्या वळणांनी येणाऱ्या माणसाला ओळख कशाला दाखवायची म्हणतो मी? दार लावून घ्यावं.”

तो आतेभाऊ मलाही ओळखता यायचा. नाती मला कळत नव्हती असं नाही. आत्या, मावशी, चुलत, मावस, जाऊ, भावजय, सगळं कळत होतं. माझी चूक एकच होती आणि प्रत्येक वेळी तीच होती. मी चार पर्याय वाचायची आणि शेवटच्यावर खूण करायची. शेवटचा पर्याय म्हणजे ‘माहिती अपुरी’.

कारण मला तो प्रश्नच खोटा वाटायचा. या कोड्यांमधली माणसं बघा जरा. दिवसभर भिंतीवरच्या फोटोंकडे बोटं दाखवत उभी असतात, दुसरा धंदा नाही. त्यांच्यात कुणी मरत नाही, कुणी सोडून जात नाही, कुणी दुसरं लग्न करत नाही. आईचा नवरा म्हणजे बाप, बापाची बायको म्हणजे आई, खलास. असली गुळगुळीत घरं बांधणाऱ्याला एकदा आमच्याकडे आणून बसवायला हवं होतं.

आमचं घर असं. माझा बाप मला कळायच्या आत आईला टाकून गेला. काही वर्षांनी आईने मास्तरांशी लग्न केलं. मास्तर म्हणजे शिंपी. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणायची, आईही म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले आणि ते तसंच राहिलं. मास्तरांची पहिली बायको वारली होती, तिचा एक मुलगा होता, तो थोरला. मग आई आणि मास्तरांना मुलगी झाली, ती धाकटी. म्हणजे धाकटीचं रक्त घरातल्या सगळ्यांशी जुळतं. थोरल्याचं मास्तरांशी आणि धाकटीशी. माझं फक्त आईशी आणि धाकटीशी. आता आमच्यापैकी कुणीतरी फोटोकडे बोट दाखवून बोलावं आणि पेपर काढणाऱ्याने उत्तर द्यावं. फेस येईल तोंडाला.

आई गेली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. घरात माणसं बसायला आली होती. त्यात मास्तरांचा एक चुलता होता. दुसऱ्याच्या घरातली माणसं मोजायची खोड असलेला. तो म्हणाला, “आता या मोठ्या पोरीचं काय करायचं?” थोरला दारात उभा होता, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा. तो सगळ्यांसमोर म्हणाला, “ती आमची कोण लागते?”

कुणी उत्तर दिलं नाही. चुलत्याने छताकडे बघितलं. मास्तर शिलाईच्या मशीनवर बसले होते, ते पायडल मारत राहिले. आई गेलेल्या घरात खडखड खडखड मशीन चालू.

मला कुणी घालवलं नाही. मी तिथेच राहिले, शिकले, कामाला लागले, घरात पैसे देऊ लागले. आम्हा दोघांचीही लग्नं झाली नाहीत, मी आणि थोरला. ते वेगळं रामायण आहे. थोरला खिडक्यांना काचा बसवायची कामं करतो. एका छताखाली राहून मी त्याला कधी दादा म्हटलं नाही, नावाने हाक मारली नाही, काहीच म्हटलं नाही. ‘वाढलंय’, ‘पाणी आलंय’, ‘दार लावायचंय’ असं हवेत सोडून द्यायची. ज्याला लागू असेल त्याने उचलावं. इतकी वर्षं मी त्या घरात एका न दिलेल्या उत्तरावर राहत होते. उद्या पंपाची नोकरी गेली, हातात पैसा उरला नाही, तर तोच प्रश्न पुन्हा दारात येऊन उभा राहील ही माझी भीती होती. परीक्षेची खरी धास्ती ती होती.

धाकटी एका क्लासमध्ये हीच कोडी शिकवते. घरातच डॉक्टर आणि घरातच रोगी. परीक्षेच्या आधी रोज संध्याकाळी घरापुढच्या मास्तरांच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून ती मला कापायच्या टेबलावर बसवायची. मास्तर बाजूला मशीनवर काहीतरी दुमडत असायचे. थोरला मागच्या खोलीत जेवत असायचा. दुकान आणि ती खोली यांच्यात एक पडदा, तोही मास्तरांनी उरलेल्या कापडाचा शिवलेला.

“ताई, नीट ऐक,” एका संध्याकाळी धाकटी म्हणाली. “एक बाई फोटोकडे बोट दाखवून म्हणते, हा माझ्या आईच्या नवऱ्याचा मुलगा. तर तो तिचा कोण?”

“सांगता येत नाही.”

“ताई!”

“नाहीच येत. नवऱ्याला आधीची बायको असेल तर? बाईच आधीच्या नवऱ्याची असेल तर?”

“पेपरात आधीचा नवरा नसतो.”

“का? मेला?”

“जन्मालाच आलेला नसतो. जे दिलेलं नाही ते आपण घालायचं नाही, हा नियम आहे. पेपरवाल्याने आई दिली, नवरा दिला, मुलगा दिला. बस्स. तेवढ्यावर उत्तर.”

“म्हणजे त्याच्या हिशेबाने मीच जन्माला आलेली नाही.”

“अगं, तुझा काय संबंध? कागदावरची बाई आहे ती!”

“मग तिला सांग, तिचं तिने सोडवावं.”

धाकटीने डोक्याला हात लावला. “बरं, पुन्हा. आईच्या नवऱ्याचा मुलगा. पर्याय अ, भाऊ. ब, मामा. क, मेहुणा. ड, माहिती...”

“ड.”

“भाऊ!” पडद्यामागून आवाज आला. ताट आपटल्यासारखं झालं आणि थोरला तसाच खरकट्या हाताने बाहेर आला. “भाऊ लिही! पर्याय अ! आठवडा झाला, घास तोंडात घातला की तेच. सांगता येत नाही, सांगता येत नाही! काय सांगता येत नाही? एवढं काय अवघड आहे त्यात?”

“तुला कुणी विचारलं?” मी म्हणाले. तोंडातून गेल्यावर लक्षात आलं की मी त्याला ‘तू’ म्हटलं होतं. थेट.

“मोठ्याने वाचता तर ऐकू येणार. कानात बोळे घालून जेवू?”

“विचारलं तूच होतंस,” मी म्हणाले. आता सुरू झालंच होतं. “आई गेली त्या दिवशी. दारात उभा राहून. ती आमची कोण लागते म्हणून. मिळालं का तुला उत्तर? मिळालं असेल तर मलाही सांग, माझी परीक्षा आहे.”

धाकटी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायला लागली. ती तेव्हा एवढीशी होती. “कोण म्हणालं? कधी? दादा, तू असं म्हणालास?”

मला वाटलं, नाही म्हणेल. मी कुठे म्हटलं, तुला चुकून वाटलं असेल, असं म्हणेल. पुरुषांना ते छान जमतं. थोरला पुसायला फडकं शोधत होता, सापडलं नाही, त्याने हात शर्टालाच पुसला.

“म्हटलं होतं,” तो म्हणाला. “वाईट म्हटलं होतं.”

“का?”

“का म्हणजे? लोक बघत होते ना! सावत्र आई गेली, आता हा रडतो का बघू. रडलो असतो तर म्हणाले असते, नाटकं करतो. नाही रडलो तर म्हणत होते, बघा, शेवटी सावत्र ते सावत्रच. तू रडत होतीस, ही रडत होती, तुम्हाला कुणी काही विचारत नव्हतं. माझ्या दोन आया गेल्या, आणि दुसरीसाठी रडायची चोरी. मग कुणावर तरी राग काढायचा होता. तू समोर होतीस.”

“मी पंधरा वर्षांची होते.”

“आणि मी काय साठ वर्षांचा होतो?”

खरं सांगायचं तर ते मला इतक्या वर्षांत सुचलंही नव्हतं. माझ्या आठवणीत तो दारात उभा असलेला बाप्या होता, दाराच्या चौकटीएवढा. त्याला नुकतं मिसरूड फुटलेलं पोर मी कधी धरलंच नव्हतं.

“दुसऱ्या दिवशी मागे घ्यायचं होतंस,” मी म्हणाले.

“घ्यायचं होतं. लाज वाटली. मग उशीर झाला. मग आणखी उशीर झाला. मग तू हवेत बोलायला लागलीस. वाढलंय, पाणी आलंय. मला वाटलं, हिला हेच बरं पडतंय. म्हटलं, असू दे.”

मशीन थांबलं होतं. मी मास्तरांकडे वळले. एकाला धरलं होतं तर दुसऱ्याला कशाला सोडायचं?

“आणि तुम्ही? तुम्ही तर तिथेच होतात. तुम्ही का नाही बोललात?”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मी तुझा शाळेचा ड्रेस शिवत होतो,” ते म्हणाले. “तोच घालून गेलीस की तू नंतर शाळेत. आणखी काय बोलायचं?”

असल्या पुरुषांचं जगात फार कौतुक होतं. बोलत नाहीत बिचारे, पण करून दाखवतात. मला नाही ते कौतुक. करा ना, करायचं ते करा, पण देवाने तोंड काय फक्त सुईत दोरा ओवताना ओला करायला दिलंय? चार शब्दांचं काम होतं. ‘ती माझी मुलगी आहे.’ मोजून चार. त्यांना दोन मीटर कापडाचा ड्रेस शिवणं सोपं वाटलं.

हे सगळं मी मनात म्हटलं नाही. तोंडावर म्हटलं. दोन मीटरसकट.

“अगं, तुला ठेवायचं की नाही हा माझ्यापुढे प्रश्नच नव्हता,” मास्तर म्हणाले. “नसलेल्या प्रश्नाचं उत्तर काय देणार?”

“माझ्यापुढे होता!” मी ओरडले. शटर अर्धं उघडं होतं, रस्त्यावरून जाणारा एक माणूस वाकून आत बघून गेला.

मास्तर खाली बघून म्हणाले, “चुकलं. बोलायला हवं होतं.” आणि लगेच मशीनकडे हात गेला. धाकटीने चाकावर तळहात ठेवून ते थांबवलं.

“बाबा, आधी बोला. मग शिवा.”

“बोललो की! मुलगी आहे ती माझी. कुणाला विचारायचंय त्याने येऊन विचारा.” मास्तरांचा आवाज चढला होता. त्या घरात मी तो तेव्हा पहिल्यांदा चढलेला ऐकला. “आणि त्या चुलत्याला मी पुन्हा कधी दारात उभं केलं नाही, ते कुणी बघितलं नाही!”

“ते पण सांगितलं नाहीत ना कुणाला!” आम्ही तिघं एकदम म्हणालो.

कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. आमच्याकडे तसलं नाही. थोरला कापायच्या टेबलाशी आला, वाकून प्रश्नपत्रिकेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “झालं सगळ्यांचं? आता कर इथे खूण. पर्याय अ. माझं जेवण थंड झालंय.”

मी खूण केली. इतक्या जोरात केली की पेन कागद फाडून खालच्या खडूच्या रेघेपर्यंत गेलं. मास्तर म्हणाले, “अगं, टेबल!”

त्यानंतरचे दिवस मी वेड्यासारखी कोडी सोडवली. सुटायला लागली. का सुटायला लागली ते विचारू नका, मी काही मानसशास्त्रज्ञ नाही. फोटोतला माणूस फोटोतला राहिला, कागदावरची बाई कागदावरची राहिली, एवढं झालं. पूर्वी प्रत्येक बाईच्या मागे मी उभी राहायचे आणि तिच्या वतीने भांडायचे. आता भांडण घरात झालं होतं, तिच्याकडे करायला काही उरलं नव्हतं. धाकटी म्हणाली, माझ्या क्लासमधल्या पोरांपेक्षा तू बरी. त्या पोरांबद्दल तिचं जे मत आहे ते बघता ही स्तुती नव्हती, पण मी घेतली.

परीक्षेच्या सभागृहात पंखे होते आणि ते फिरतही होते, हे नोंदवून ठेवते. नात्यांचे प्रश्न मधोमध होते. पहिला सुटला. दुसरा सुटला, त्यात पुन्हा नणंद होती. तिसरा, चौथा. पाचवा असा: ‘क ही ख ची आई आहे. ख आणि ग ही भावंडे आहेत. तर ग चे क शी नाते काय?’ मुलगा, मुलगी, भाचा, माहिती अपुरी.

हात आपसूक शेवटच्या पर्यायाकडे गेला आणि मी तो मागे ओढला. म्हटलं, आला, जुना रोग उलटला. ज्या पर्यायाने दोनदा घात केला तोच पुन्हा खुणावतोय. मी डोळे मिटले. कुणाचा नवरा? नवरा दिलेलाच नाही. सावत्र? कुणी म्हटलंय? मी काहीही आणून घातलेलं नव्हतं. मग ग कोण? ग मुलगा आहे की मुलगी? परत वाचलं. दिलेलं नाही. खरोखर दिलेलं नाही. माझ्या घरामुळे नाही, माझ्या दुखण्यामुळे नाही, पेपर काढणाऱ्यानेच या वेळी हातचं राखलं होतं. मी मनातल्या मनात त्याला एक सणसणीत शिवी दिली आणि ‘माहिती अपुरी’वर गोल काळा केला. आयुष्यात पहिल्यांदा शांतपणे.

निकाल लागला त्या दिवशी मी मोटरच्या आवाजात होते. फिटर फोन हातात धरून जिन्यावरून धावत आला, काहीतरी ओरडत होता, मोटरमुळे एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मला वाटलं मुख्य लाइन फुटली. मी मोटर बंद करायला हात घातला तर त्याने माझा हात धरला आणि फोनचा पडदा नाकाला लावला. माझा क्रमांक होता. कायम होणाऱ्यांच्या यादीत. मी तिथल्याच पाइपवर बसले. पाइप गार होता, ओला होता, मागून कपडे भिजले, उठावंसं वाटेना. रडू आलं नाही. भूक लागली. कडकडून भूक लागली. फिटरच्या डब्यातलं अर्धं मी खाल्लं आणि त्याने ते खाऊ दिलं, यावरून त्याला किती आनंद झाला होता ते समजा.

घरी गेले तर दुकानात गिऱ्हाइकं बसलेली आणि मास्तर टेप गळ्यात टाकून बोलत होते. बोलत होते! छातीचं माप घेता घेता सांगत होते, माझी मोठी पाण्याच्या खात्यात कायम झाली, हात वर करा, अवघड परीक्षा असते, दोनदा गेली होती हो, आता वळा. दोनदा नापास झाल्याचं सांगायची गरज नव्हती. पण बोलायला लावलं की माणूस निवडक बोलत नाही, हे मीच ओढवून घेतलं होतं. आठवडाभर ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. बटण लावायला आलेल्यालाही. शेवटी धाकटी म्हणाली, ताई, यांना परत गप्प करायची काही सोय आहे का?

पुढच्या महिन्यात कायम म्हणून माझी ड्यूटी सुरू झाली. पंपहाउसच्या फोनवर दिवसभर तक्रारीच येतात. एका सकाळी फिटरने फोन घेतला, थोडा वेळ रिसीव्हर कानापासून लांब धरून ऐकलं आणि मग म्हणाला, “अहो, पण तुम्ही कोण बोलताय?” मग हसत सुटला आणि रिसीव्हर माझ्याकडे केला.

“घे. म्हणतो, पंपावरच्या बाईचा भाऊ बोलतोय. बहीण पंपावर असून नळाला करंगळीएवढी धार, हा काय न्याय झाला, म्हणतो. भांडतोय नुसता.”

मी रिसीव्हर घेतला. पलीकडे थोरला बोलतच होता, काचा बसवायला जायचंय, अंगाला साबण लावून उभा आहे, शेजाऱ्यांकडे बदाबदा पाणी आहे आणि आमच्याकडेच कसं नाही.

“शेजाऱ्यांकडे टाकी आहे, दादा,” मी म्हणाले. “बोंबलू नकोस. उघडते.”

“लवकर उघड!”

“व्हॉल्व्ह हळूच उघडावा लागतो. थांब.”

“थांबलोय ना!” तो ओरडला, आणि खरंच, फोन न ठेवता तसाच थांबला.

मी रिसीव्हर फिटरच्या हातात दिला, आमच्या भागाच्या व्हॉल्व्हपाशी गेले आणि चाक दोन्ही हातांनी धरून फिरवायला लागले.